भुरीच्या तोंडातलं पान

गावाची गुरं राखणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. दिवसभर रानात माणूस भेटत नाही म्हणून गायकी अबोल होतो, असं शहाणे लोक सांगतात. लटारू गायकीने या शहाण्यांना पार खोटं पाडलं होतं. तो दिवसभर गुरांशी बोलायचा आणि जे उरायचं ते संध्याकाळी माणसांशी बोलायचा. ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी त्याचं चालूच. त्याच्याशी भांडायलाही कोणी धजत नसे, कारण भांडण संपायचंच नाही.

मी वडशाहून सून म्हणून पोंभुर्ण्याकडच्या या गावात आले तेव्हा मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती. माझे सासरे दादाजी पाटील यांना मात्र ती बातमी कोणी नीट सांगितली नसावी. गाव त्यांचं होतं, तळं त्यांचं होतं आणि न्यायही त्यांचाच होता. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी बाहेर जोरजोरात कोणी भांडतंय असं वाटून मी दचकून उठले. भांडण आखरावर चाललं होतं. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथे गुरं गोळा होतात.

"काय वो भुरीबाई, पाटलाच्या घरी लगन, आन तुलेच झोप नाई झाली का? चाल पाय उचल! चांदी, तू काऊन हासून राह्यली वो?"

भुरी आमची गाय. त्या घरात माझी आणि तिची विचारपूस करणारा लटारू एकटाच, आणि त्यातही पहिला मान भुरीचा.

त्याची बायको भागीरथा आमच्याकडे गोठ्याचं शेण काढायला यायची. ती जेमतेम 'हाव' आणि 'नाई' एवढंच बोलायची. एकदा मी तिला म्हटलं, तू अगदीच मुखस्तंभ कशी गं? तर शेणाची पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "त्यानं दोघायचंबी बोलून टाकलं बाई. माह्यासाठी काई उरलंच नाई." तिचा विनोद मी तेवढा एकदाच ऐकला.

त्या वर्षी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नवा गोठा बांधायचा होता. गोठ्याला खांब हवेत गरारीचेच. गरारीच्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही, आमच्या गावातली निम्मी घरं त्याच खांबांवर उभी आहेत. दरवेळी हे खांब आतल्या जंगलातून बैलबंडीवर लादून, सोलून, गुळगुळीत होऊन येत. यंदा मामाजींनी ठेकेदाराला धरलं आणि गुरांच्या पाण्याच्या डोहाच्या वरच्या अंगाचा जंगलाचा दाट तुकडाच तोडून घेतला. तोडणारी माणसं बाहेरची होती; गरारीबरोबर मध्ये आलेली दुसरी झाडंही त्यांनी पाडली, आणि कुठलं खोड कशाचं ते त्यांनाच ठाऊक. तोडलं, सोललं, आणून टाकलं. गोठा असा उभा राहिला की बघणारे मान वर करून बघत. मागे राहिली ती बुंध्यांची खोडकं, आणि तिकडे कोणाला बघायचं कारण नव्हतं.

होळी होऊन गेली. रान करपलं. गवताचं नाव नाही, डोहाचं पाणी खाली गेलेलं. त्या तोडलेल्या तुकड्यात मात्र खोडकांना कोंब फुटले. तांबूस हिरवी, लुसलुशीत, तळहाताएवढी पानं. करपलेल्या रानात तेवढंच हिरवं. लटारूने ते लांबून पाहिलं आणि बाकीची गुरं पाण्याकडे वळवली, कारण ओळख नसलेल्या पाल्यात तो गुरं घालत नसे. ही त्याची कामाची रीत होती. पण भुरी मागे राहिली होती. तो परत आला तेव्हा ती तिथून तोंड हलवत बाहेर पडत होती, आणि थोड्या वेळात तिचे पाय लटपटायला लागले. तोंडाला फेस आला. ती सरळ डोहाकडे धावायला लागली. पाण्यात पडली तर बुडून मरेल म्हणून लटारूने कमरेचं दावं सोडलं, तिच्या गळ्यात घालून तिला मोहाच्या झाडाला बांधलं आणि गावाकडे पळत सुटला.

माणसं पोचली तोवर भुरी आडवी झाली होती. पडताना दावं ताणलं गेलं होतं आणि गळ्यात रुतलं होतं.

लटारूने गुडघे टेकून तिचं तोंड उघडलं. आतून अर्धवट चावलेली एक डहाळी काढली आणि मामाजींपुढे धरली. "पाटील, हे पाहा. हे खाल्लं तिनं. हे काय हाय मले मालूम नाई, पर हेच खाल्लं."

मामाजी डहाळीकडे बघत नव्हते. ते दाव्याकडे बघत होते.

"दावं कोनं बांधलं?"

"मी बांधलं, पर..."

त्या 'पर'च्या पुढे त्याला कोणी जाऊ दिलं नाही. बांधलेली गाय गळ्यात दावं असताना मेली तर बांधणाऱ्याला गोहत्या लागते. हा नियम गावात इतका जुना होता की त्याचा विचार करायला कोणी बसलंच नाही. ज्याला हत्या लागली त्याने तेच दावं आपल्या गळ्यात घालायचं आणि गावोगाव भीक मागत फिरायचं. माणसाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. दारात उभं राहून गाईसारखं हंबरायचं. घरात यायचं नाही. लोकांनी तोंड फिरवून त्याच्या झोळीत धान्य टाकायचं, कारण हत्या लागलेल्याचं तोंड बघू नये. पंचांनी नेमून दिलेली गावं झाली की वैनगंगेत आंघोळ, आणि जमवलेल्या धान्याचं गावजेवण. तेव्हा तो पुन्हा माणूस.

वनस्पतीने गाय मारली असं ठरलं तर हत्या नाही, हेही पंच म्हणाले. पण वनस्पती कोणती ते सांगावं लागेल. आणि ते सांगायचं कोणी, तर ज्याला बोलायची बंदी त्याने! असला न्याय करायला डोकं लागतं, आणि ते आमच्या घरात पुष्कळ होतं.

लटारूने डहाळी शेल्याच्या टोकाला बांधली आणि तो निघाला.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. तो दारात उभा राहून हंबरायचा, आणि घरची बाई बाहेर आली की डहाळी तिच्यापुढे धरायचा. हे काय आहे, एवढंच त्याला विचारायचं असे. बाई तोंड फिरवायची आणि मूठभर तांदूळ त्या डहाळीवरच टाकायची. तिला वाटे, हत्येवाल्याची हीसुद्धा काही रीत असेल. एका गावात एका म्हातारीने डहाळीचं एक पान खुडलं, कपाळाला लावलं आणि आढ्याला खोचून ठेवलं. ते बघून शेजारणीने एक खुडलं. हत्या धुवायला निघालेल्या माणसाच्या हातचं पान घरात असलं की गुरांना काही होत नाही, असं त्या गावात त्या दिवसापासून सुरू झालं. लटारूला नाही म्हणता येईना. तो हंबरला, तर त्यांनी हात जोडले. राजुऱ्याच्या बाजारात त्याने डहाळी एका वैदूपुढे धरली. वैदूनेही तोंड फिरवलं आणि पोटदुखीची मुळी झोळीत टाकली.

पानं कमी होत चालली. उरलेली वाळून वळली, तपकिरी झाली. जी डहाळी हिरवी असताना त्याला ओळखता आली नव्हती ती आता कोण ओळखणार? खोडकांकडे जाऊन ताजी आणावी, तर नेमलेली गावं होईतो गावच्या शिवेत पाय टाकायचा नाही. एक सूट मात्र होती. आठपंधरा दिवसांनी शिवेवर यायचं आणि बायकोने लांब ठेवलेलं जेवण घेऊन जायचं.

एकदा मी भागीरथेला विचारलं, कसा आहे गं तो?

ती म्हणाली, "हाय. जेवते. मी समोर उभी हाओ हे त्याले दिसते का नाई, मले समजत नाई बाई. डोयात काईच नाई." मग पाटी उचलता उचलता, मी न विचारताच म्हणाली, "मलेबी काई वाटून नाई राह्यलं. हातपाय काम करते. रडू आलं असतं त बरं झालं असतं."

खरं सांगते, मलाही त्या दिवसांत काही वाटेनासं झालं होतं. आखरावर सकाळी दसरू नावाचा नवा गायकी यायचा, शीळ घालायचा आणि गुरं घेऊन जायचा. माझी विचारपूस भुरीबरोबर संपली होती. मी उठायचे, कामाला लागायचे. दिवस जायचा.

लटारूला मी स्वतः एकदाच पाहिलं. शिवेला लागून आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, होती, आणि बांधावर आमचा म्हातारा बैल बांधलेला होता. लटारू शिवेच्या पलीकडे उभा होता. दाढी वाढलेली, गळ्यात दावं. हात लांब करून तो ती वाळकी डहाळी बैलाच्या नाकाशी धरत होता. बैलाने हुंगलं, फुसकारा सोडला आणि मान फिरवली. लटारूने पुन्हा धरली. बैलाने पुन्हा मान फिरवली. लटारूने मान हलवली, जणू दोघांचं एकमत झालं, आणि डहाळी शेल्यात बांधून तो चालायला लागला. साक्ष मिळाली होती, पण पंचांपुढे बैलाची साक्ष चालत नाही.

नेमलेल्या गावांत शेवटी आतल्या जंगलातलं एक गाव होतं. तिथले लोक आदिवासी, त्यांचे देव वेगळे. आमची ही हत्याबित्या त्यांच्यात नाही. तिथे बुधरी नावाची बाई होती. पुढे ती मोहफुलं आणि चारोळी घेऊन आमच्या दारात यायला लागली, तेव्हा तिनेच मला हे सांगितलं. लटारू तिच्या अंगणात हंबरला, तर तिने तोंड फिरवलं नाही. सरळ त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मानूस हायेस, गाईवानी काऊन वरडते?"

कोणीतरी त्याच्या तोंडाकडे बघितल्याला इतके दिवस झाले होते की तो हंबरायचंच विसरला. त्याने डहाळी पुढे केली. एकच पान उरलं होतं. बुधरीने ते हातात घेतलं, तोंडाशी नेलं, हुंगलं आणि झटकन खाली टाकलं. मग ती त्याचा हात धरून त्याला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे कुंपणाला नुकताच रोवलेला एक ओला खांब होता. लाकडात ओल राहिली की खांबालाही कधीकधी कोंब फुटतो, तसा त्याला बुडाशी फुटला होता. तांबूस हिरवी, लुसलुशीत पानं. बुधरीने वाळकं पान त्या कोंबाशी धरलं. मग खांबावर थाप मारली.

"गरारी," ती म्हणाली. "याचा पाला ढोरानं खाल्ला का मेलंच. आमची ढोरं याच्या सावलीले बी नाई जात."

लटारू खांबाला हात लावून कितीतरी वेळ उभा राहिला, असं ती सांगायची. तो ज्या घरात जन्मला त्या घराचे खांब गरारीचे होते. उभं, जुनं झाड त्याने लांबून पाहिलेलं होतं, त्याची बारीक गोल पानं त्याला ठाऊक होती. पण तोडलेल्या खोडकाचा कोंब इतका वेगळा दिसतो, इतकी मोठी आणि तांबडी पानं धरतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात गरारी यायची ती मेलेली आणि सोललेली.

बुधरीने कोंब तोडून त्याच्या शेल्यात बांधून दिला आणि खायला आंबील दिली. तो आंबील न पिताच निघाला.

सुटका हातात आली होती. आता शिवेवर उभं राहून पंचांना बोलवायचं, कोंब दाखवायचा, आणि दावं काढायचं. एवढंच राहिलं होतं.

दुपार कलताना तो डोहाच्या वरच्या अंगाच्या शिवेवर पोचला. आणि त्याने पाहिलं की दसरू गुरं घेऊन निघालाय, आणि निघालाय तो थेट त्या खोडकांच्या तुकड्याकडे. दसरूची तरी काय चूक? करपलेल्या रानात त्याला हिरवा पाला दिसला. एवढे दिवस तो तिकडे फिरकला नव्हता, पण आता खालचं सगळं संपलं होतं.

लटारू हंबरला. दसरूने आवाज ऐकला, कोण ते ओळखलं, आणि रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. लटारू हात हलवत शिवेच्या कडेने पळायला लागला, गळा फाटेस्तोवर हंबरायला लागला. दसरूने तोंड तिकडेच ठेवून आपल्या शिदोरीतला भात मागे फेकला. चांदी पुढे होती. तिचं तोंड पाल्यापासून हातभर राहिलं होतं.

"चांदी! ए चांदी, मांगं फिर! हरणी, तांबडी, मांगं फिरा वो, मांगं फिरा!"

गुरं थांबली. एवढ्या दिवसांनी तो आवाज आला होता. चांदीने मान वर केली, वळली, आणि सगळा कळप वळून त्याच्याकडे आला. त्याच्याभोवती गर्दी करून गुरं त्याला हुंगत होती आणि तो मध्ये उभा होता, असं दसरूने गावात येऊन सांगितलं. आणि हेही सांगितलं की लटारू बोलला.

पंच शिवेवर जमले. आम्ही बायका मागे चिंचेखाली उभ्या होतो. लटारू एकदा बोललाच होता, तर आणखी चार शब्द बोलायला हरकत नव्हती. पण त्याने तोंड उघडलं नाही. नुसता कोंब पुढे केला. मग मामाजींच्या हातातल्या काठीला हात लावला. ती काठीही गरारीची होती.

मामाजींनी कोंब घेतला, उलटसुलट पाहिला. त्यांनी एक माणूस खोडकांकडे पाठवला. तो तिथला कोंब आणि बुंध्याची ढलपी घेऊन आला. दोन्ही कोंब सारखेच होते, आणि ढलपीचं लाकूड तर गावात पोरालाही ओळखू येईल असं होतं.

"गरारीच हाय," मामाजी म्हणाले.

कोणी खोकलं. कोणी जमिनीकडे बघितलं. ती झाडं कोणासाठी तोडली होती ते तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवा गोठा तिथून दिसतही होता. मामाजींचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. पण पाटील होते.

"गाय गरारीनं मेली, हे खरं," ते म्हणाले. "पर मरताना दावं गयात होतं, तेबी खरं. आन हा बोलला. बोलला म्हनून पाप फिटलं नाई, वाढलं. पहिल्यापासून करा लागन."

लटारूने गळ्यातलं दावं सरळ केलं, जसं कोणी सदऱ्याची कॉलर सरळ करतं, आणि वाट बघत उभा राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेने पंचांत तोंड उघडायचं नसतं, म्हणून घरी येऊन मी भांडी अशी आदळली की सासूबाई म्हणाल्या, सगळी पितळी आहेत म्हणून बरं. मामाजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी माणसं लावून त्यांनी सगळी खोडकं मुळासकट खणून काढली. गोठा मात्र तसाच राहिला.

पण मला सांगायचंय ते भागीरथेचं. पंच उठले, माणसं पांगली, तेव्हा ती दसरूकडे गेली. परक्या पुरुषाशी ती आपणहून बोललेली मी तोवर पाहिली नव्हती.

"बोलला ना तो?"

"हाव. बोलला."

"काय बोलला?"

दसरूने सांगितलं. चांदी म्हणाला, हरणी म्हणाला, तांबडी म्हणाला.

"आवाज तसाच हाय का?"

"थोडा फाटला हाय."

"आन मंग? आखीन काई? घरचं काई?"

दसरू गोंधळला. म्हणाला, नाही बाई, गाईचीच नावं घेतली.

"बरं," भागीरथा म्हणाली आणि पाटी उचलून गोठ्याकडे गेली.

लटारू ती सगळी गावं पुन्हा फिरला. या खेपेला हातात डहाळी नव्हती, विचारायचं काही नव्हतं. नुसता हंबरायचा आणि पुढे जायचा. शिवेवर जेवायला यायचा, जेवायचा, जायचा. पाऊस तोंडावर आला तेव्हा त्याला वैनगंगेत आंघोळ घातली, दावं पाण्यात सोडलं, गावजेवण झालं. लोक पोटभर जेवले. पंच म्हणाले, आता घे देवाचं नाव, बोल. लटारूने ओठ हलवले. आवाज आला नाही. मनात घेतलं असेल, असं म्हणून पंचांनी विडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा आमच्या गोठ्यात शेण काढत होती. आखर तिथून हाकेच्या अंतरावर. लटारू काठी घेऊन तिथे उभा होता. गुरं एकेक करून येत होती. भागीरथेचे हात थांबले. मीही ओट्यावर थांबले. आमच्या दोघींचं लक्ष तिकडेच होतं.

तो काही बोलला नाही. गुरं जमली आणि उभीच राहिली. कोणाला निघायचं कळेना. चांदी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत होता.

भागीरथेने शेणाचे हात तसेच लुगड्याला पुसले आणि ती गोठ्याच्या दारात गेली.

"चांदीबाई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मलाच ऐकू आला. मग तिने घसा खाकरला आणि मोठ्याने हाक घातली, "काय वो चांदी, उभी काऊन हायेस? झोप नाई झाली का? चाल, पाय उचल! हरणी, तांबडी, चाला वो!"

गुरं निघाली. लटारू त्यांच्यामागे गेला. त्याने एकदा वळून गोठ्याकडे पाहिलं, आणि काठी खांद्यावर टाकली.

तो पुढे पुष्कळ वर्षं गायकी होता, पण त्याचं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. रोज सकाळी गुरांना हाक भागीरथाच घालायची.